सहा नंबरचा डावा कठडा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कॉट आहे, दवाखान्यातली. माझ्यावर आता कोणी झोपत नाही. माझी गादी दुसऱ्या खाटेवर गेली, सलाइन अडकवायचा दांडाही काढून नेला. मी मोडले म्हणून असं झालं, असं तुम्हाला वाटेल. पण माझे चारही पाय मजबूत आहेत आणि चाकं अजून फिरतात. बिघडला आहे तो फक्त एक खटका, तुमच्या करंगळीएवढा. त्या खटक्याची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ती सांगताना मला लाज वाटते, पण सांगितली नाही तर त्याहून जास्त लाज वाटेल.

माझा जन्म उल्हासनगरचा. कॅम्प नंबर चारमध्ये एका अरुंद गल्लीत फॅब्रिकेशनचा गाळा होता. मालक सिंधी शेठ होते, ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि दर अर्ध्या तासाने हिंदीतून घाई करायचे. वेल्डिंग जनू करायचा. जनू मोजकं बोलायचा. पाइप कापताना, वाकवताना, जोडताना त्याचं सगळं लक्ष हातात असायचं. माझ्या दोन्ही बाजूंना त्याने दोन कठडे बसवले, झोपलेला माणूस खाली पडू नये म्हणून. कठडा वर उचलला की खटका ‘टक्’ असा आवाज करून खाचेत बसतो. मग कठड्यावर कितीही भार टाका, तो हलत नाही. खटका बसला नाही, तरी कठडा वरच दिसतो बरं का. नुसतं पाहून फरक कळत नाही. भार पडला की मात्र तो खाली येतो.

जनू प्रत्येक कठडा वर करून त्याच्यावर आपलं सगळं अंग टाकायचा. शेठ म्हणायचे, कशाला वेळ घालवतोस. तो दुसऱ्या बाजूला जायचा आणि तिथेही रेलून बघायचा.

मला पांढरा रंग दिला. आम्ही वीस जणी एका टेम्पोतून अंबरनाथ पश्चिमेला आलो. तिथे डॉक्टर गुरुदत्त यांनी नवं रुग्णालय काढलं होतं. ते शस्त्रक्रिया करायचे, आणि त्यांच्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे. पहिल्या मजल्यावरच्या वॉर्डात खिडकीजवळ मला जागा मिळाली. माझ्या पायथ्याशी भिंतीवर आकडा रंगवला, सहा. उद्घाटनाच्या दिवशी डॉक्टरांनी पाहुण्यांना माझा कठडा वर-खाली करून दाखवला, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

त्यानंतरची नऊ वर्षं माझ्यावर किती माणसं झोपली, मला मोजता येणार नाही. कोणी तापात बडबडायचं, कोणी घरी जायच्या आदल्या रात्री आनंदाने जागं राहायचं. एका निवृत्त मास्तरांनी माझ्यावर बसून नातवाचा अभ्यास घेतला. बदलापूरच्या एका बाईने ऑपरेशनच्या आधी माझा कठडा इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा ओरखडा अजून माझ्या रंगावर आहे. वॉर्डातल्या कौसाबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायच्या. त्या शिरगावात राहायच्या आणि सगळे त्यांना मावशी म्हणायचे. पुसताना त्या माझ्याशी काही बोलायच्या नाहीत, पण कोपरेही सोडायच्या नाहीत.

दहाव्या वर्षी, एका पेशंटला एक्स-रेला नेताना माझी डावी बाजू लिफ्टच्या दाराला जोरात आपटली. पेशंटला काही झालं नाही. पण माझा खटका वाकला. त्या दिवसापासून डावा कठडा वर केला की ‘टक्’ असा आवाज येईनासा झाला.

हे सगळ्यात आधी मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी करिष्मा सिस्टरला सांगितलं. करिष्मा चोवीस वर्षांची होती, उल्हासनगरहून यायची. तिचं अक्षर सुंदर होतं आणि पेशंटची चादर तिच्याइतकी ताठ कोणी घालत नसे. तिने लगेच दुरुस्तीच्या वहीत लिहिलं, ‘बेड सहा, डाव्या कठड्याचा खटका लागत नाही.’ दुरुस्ती करणारा मिस्त्री दर बुधवारी यायचा. त्या बुधवारी लिफ्ट बंद पडली होती. पुढच्या बुधवारी ऑपरेशन थिएटरचा एसी गळत होता. करिष्माने पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना तिने शब्दांखाली लाल रेघ ओढली.

तोपर्यंत मावशींनी एक उपाय शोधला. कठडा वर करायचा आणि ड्रेसिंगच्या पांढऱ्या पट्टीने तो माझ्या पाइपला बांधून टाकायचा. दोन गाठी मारल्या की तो पडत नसे. चादर बदलताना पट्टी सोडायची, मग पुन्हा बांधायची. तापाच्या साथीचे दिवस होते, एकही खाट रिकामी ठेवता येत नव्हती. हळूहळू पट्टीची सगळ्यांना सवय झाली. नवीन कोणी विचारलं तर सांगायचे, ‘सहा नंबरला पट्टी असते.’ जणू ती पट्टी घेऊनच मी जन्माला आले होते.

मित्रांनो, मला एकदा इशाराही मिळाला होता. इरा नावाची कॉलेजमधली मुलगी डेंग्यूने माझ्यावर झोपली होती. तिने मोबाइल चार्जिंगला लावायला डावीकडे वाकून हात लांब केला. पट्टीची गाठ सैल होती. कठडा खाली गेला आणि इरा अर्धी बाहेर लोंबकळली. शेजारी बसलेल्या तिच्या आईने तिचा शर्ट मागून पकडला. क्षणभर सगळे घाबरले, मग इराच हसली, आणि मग सगळेच हसले. मावशींनी गाठ घट्ट केली. कोणीही हे कुठे लिहिलं नाही. कोणाला काही लागलं नव्हतं ना, मग लिहायचं काय?

मीही तेव्हा त्यांच्यासारखाच सुटकेचा श्वास सोडला होता. आज वाटतं, त्या दिवशी हसण्याऐवजी कोणी जरा रडलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात एका सोमवारी हरिचंद्रबाबा आले. चामटोलीचे शेतकरी, वय सत्तरच्या आसपास. हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं. सोबत त्यांची बायको सगुणाबाई होत्या आणि मुलगा दिपेश, जो अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. बाबा माझ्याकडे बघून दारातच थबकले.

“जनमभर भुईवर निजलो मी,” ते करिष्माला म्हणाले. “येवढ्या उंचावर मना झोप नाय येत. खालीच चटई टाक ना बाय.”

करिष्मा हसून म्हणाली, “आजोबा, खाली झोपलात तर डॉक्टर मला ओरडतील. घाबरू नका, दोन्हीकडे कठडे आहेत.”

तिने स्वतः मावशींना बोलावून डावीकडची पट्टी नव्याने बांधून घेतली. बाबा जपून चढले आणि मधोमध आखडून झोपले. त्यांना खरोखर भीती वाटत होती, मला त्यांच्या पाठीतून ती कळत होती. सगुणाबाईंनी डावीकडे स्टूल ओढलं आणि त्यांचा हात धरून त्या बसल्या. पहिली रात्र त्या तशाच बसून राहिल्या. बाबा दचकून जागे झाले की डोळे न उघडता डावा हात बाहेर काढायचे, आणि सगुणाबाई तो धरायच्या. मग त्यांची पाठ सैल व्हायची.

मंगळवारी ऑपरेशन झालं, उत्तम झालं. बुधवारी ते चार पावलं चालले. मेथीची जुडी कशी बांधायची यावर शेजारच्या पेशंटशी त्यांचा वाद झाला, त्यात ते जिंकले. शनिवारी घरी जायचं ठरलं. बुधवारी करिष्माची साप्ताहिक सुट्टी होती. मिस्त्री आला होता, पण वॉर्डात फिरकला नाही.

गुरुवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी चहा सांडला आणि माझी पट्टी भिजली. ऑपरेशन झालेल्या पेशंटजवळ अशी घाण पट्टी ठेवायची नसते. मावशींनी ती सोडली आणि कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. कठडा वर उभा करून, नवी पट्टी आणायला त्या ड्रेसिंग रूमकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांना हाक आली. खालून एक पेशंट स्ट्रेचरवरून वर आणायचा होता. मग दुसरा. मग जेवणाची गाडी. वॉर्डात त्या दिवशी दोन मावश्यांचं काम एकट्या कौसाबाई करत होत्या. दोन वाजता त्यांची ड्युटी संपली आणि त्या स्टेशनकडे गेल्या. पट्टी राहिली ती राहिलीच.

सगुणाबाई डावीकडे बसलेल्या होत्या, म्हणून तोवर काही घडलं नाही.

दोन वाजता करिष्मा ड्युटीवर आली. सकाळच्या सिस्टरने तिला टेबलापाशी उभ्या उभ्या सगळं वाचून दाखवलं, कोणाला कोणतं औषध, कोणाचं सलाइन कधी बदलायचं. खटक्याबद्दल ती काही बोलली नाही. ते तर सगळ्यांनाच माहीत होतं. करिष्मा वॉर्डात आली, तिने माझ्याकडे पाहिलं. कठडा वर होता आणि पट्टी नव्हती. तिचा चेहरा उजळला. काल बुधवार होता, तेव्हा मिस्त्री आला असणार, असं तिला वाटलं. तीन वेळा लिहिलेलं अखेर कोणीतरी वाचलं, याचा तिला आनंद झाला. मला तो आनंद दिसला, मित्रांनो. मला तोंड असतं तर!

तिने बाबांना दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं. दुपारी नातेवाइकांनी बाहेर जायचं असा नियम होता. सगुणाबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन त्या उठल्या, पण पाय निघेना.

“बाय, कठडा लागलाय ना?” त्यांनी विचारलं.

“हो आजी, दुरुस्त झालाय,” करिष्मा म्हणाली. “तुम्ही निवांत जेवून या.”

सगुणाबाई गेल्या. करिष्मा पलीकडच्या पेशंटचं सलाइन बदलायला गेली. इंजेक्शनने बाबांना गुंगी आली. पावणेतीन वाजले असतील. ते झोपेत दचकले, आणि नेहमीसारखा त्यांनी डावा हात बाहेर काढला. तिथे सगुणाबाईंचा हात नव्हता. त्यांच्या बोटांना माझा कठडा लागला. त्यांनी तो धरला, आणि त्यांना वाटलं असेल की आपल्याला कोणीतरी धरलं आहे. ते त्या कुशीला वळले आणि त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला.

मी तो झेलू शकले नाही.

खाली लोखंडी स्टूल होतं. त्याच्या कडेवर त्यांचं डोकं आपटलं.

करिष्मा धावत आली. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांना हाका मारल्या. सगळे धावले. त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजू लागला. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. उचलायला कोणी मोकळं नव्हतं. पुढे कळलं, तो मावशींचा होता. घरी पोचून त्या तांदूळ धूत होत्या तेव्हा त्यांना पट्टीची आठवण झाली, आणि हात तसेच ओले असताना त्यांनी फोन लावला होता.

बाबांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ते गेले. त्याच दिवशी ते माझ्यावरून उतरून घरी जाणार होते.

मला गुरुवारी संध्याकाळीच वॉर्डातून काढून गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी नेलं होतं. वर एक जुनी ताडपत्री टाकली. मला वाटलं होतं, आता तरी खटका दुरुस्त करतील. पण मला तिथे लपवलं होतं. रुग्णालयाच्या ऑफिसातून एक कागद निघाला. त्यावर लिहिलं होतं की पेशंट सूचना न पाळता स्वतःहून खाटेवरून उतरायला गेला आणि तोल जाऊन पडला. करिष्माने त्या कागदावर सही केली. हे मला मावशींच्या बोलण्यातून कळलं. त्या गच्चीवर चादरी वाळत घालायला यायच्या तेव्हा सगळ्या सिस्टरच्या प्रमुख, मेट्रन कुमुदिनीताई, त्यांच्या मागोमाग यायच्या आणि दोघी हळू आवाजात बोलायच्या. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. आयुष्यभर कमावलेलं नाव जाईल या भीतीने त्यांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. करिष्माला वाटलं होतं, आपण सही केली नाही तर सगळा दोष आपल्यावरच येईल. सही केल्यापासून मात्र ती जेवत नव्हती.

बाबांचं तेरावं झाल्यावर सगुणाबाई आणि दिपेश कागदपत्रं न्यायला आले. दिपेशने तो कागद आईला वाचून दाखवला. सगुणाबाई म्हणाल्या, हे खोटं आहे. उंचीला भिणारा माणूस कोणाचा हात धरल्याशिवाय त्या खाटेवरून उतरणार नाही. आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्यांना ती खाट बघायची होती.

ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं, खाट भंगारात गेली. तेव्हा कुमुदिनीताई उठल्या. त्यांची पस्तीस वर्षं नर्सिंगमध्ये गेली होती, निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्यांनी गच्चीची किल्ली घेतली, दुरुस्तीची वही काखेत मारली, आणि त्या दोघांना वर घेऊन आल्या. मागून मावशी आल्या. सर्वांत शेवटी करिष्मा, जिन्याच्या कठड्याला धरून एक एक पायरी चढत.

कुमुदिनीताईंनी ताडपत्री बाजूला केली. सगुणाबाई माझ्या डावीकडे उभ्या राहिल्या, जिथे त्या तीन दिवस बसल्या होत्या. त्यांनी कठडा उचलला आणि हात काढला. तो वर उभा राहिला. मग त्यांनी त्यावर नुसती हाताची चार बोटं टेकवली. कठडा खाली आपटला. त्या आवाजासरशी करिष्मा पुढे आली.

“आजी, कागदावर खोटं लिहिलंय,” ती म्हणाली. “आजोबा उतरले नाहीत. पट्टी नव्हती, म्हणून मला वाटलं खटका दुरुस्त झाला. तुम्ही मला विचारलंत आणि मी हो म्हणाले.”

मावशी मध्येच म्हणाल्या की पट्टी त्यांनी सोडली होती, दोष त्यांचा आहे. कुमुदिनीताईंनी वही उघडून तीन ओळी दाखवल्या आणि म्हणाल्या, ही वही दर आठवड्याला त्यांनी स्वतः तपासायची होती, त्यांनी तपासली नाही. तिघीजणी आपापला दोष पुढे करत होत्या, आणि बाबा तर त्यातल्या कोणीही दोष घेतला तरी परत येणार नव्हते.

शेवटी सगुणाबाई बोलल्या. “तू खोटं नाय बोललीस गो तेव्हा,” त्या करिष्माला म्हणाल्या. “तुला खरंच वाटलं. पन तू हात लावून बगितला नाय. आनि मी पन नाय बगितला. मी नुसतं इचारलं.”

करिष्माने त्यांचे पाय धरले. सगुणाबाईंनी तिला उठवलं नाही आणि ढकललंही नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, एक हात माझ्या गंजलेल्या पाइपवर ठेवून.

दिपेशने वहीतली लाल रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो अगदी हळू बोलला. “आमच्या कंपनीत मशीन बिघडलं ना, की त्याला लाल पट्टी लावून बंद करतात. कोणाची हिंमत नाही ती काढायची. तुम्ही माणसाच्या खाटेला पांढरी पट्टी बांधून ती चालू ठेवली?”

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. डॉक्टर गुरुदत्त वर आले होते. ते किती वेळ दाराआड उभे होते, मला माहीत नाही. ते माझ्याजवळ आले, वाकले आणि त्यांनी माझा खटका बोटाने चाचपला. नऊ वर्षांपूर्वी पाहुण्यांना कठडा दाखवला, त्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला असा हात लावला होता. खटका सरळ करायला अर्धा तास पुरला असता. ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी सगुणाबाईंना हात जोडले. त्याच दिवशी तो कागद बदलला गेला. नव्या कागदावर खरं लिहिलं, आणि त्याखाली पहिली सही डॉक्टरांनी केली.

त्यानंतर रुग्णालयात बरंच बदललं. बिघडलेल्या प्रत्येक वस्तूला लाल पट्टी लागते आणि ती त्याच क्षणी वॉर्डाबाहेर जाते, मग खाट कमी पडली तरी चालेल. ड्युटी बदलताना सिस्टर आता टेबलापाशी थांबत नाहीत, दोघी मिळून प्रत्येक खाटेशी जातात, पेशंटसमोर बोलतात आणि प्रत्येक कठडा हाताने हलवून बघतात. गुंगीचं औषध दिलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घरचं एक माणूस बसू देतात. थोडक्यात टळलेली गोष्टसुद्धा सांगायची, आणि जो सांगेल त्याच्यावर रागवायचं नाही, असं ठरलं. पहिल्याच महिन्यात अशा बावीस गोष्टी बाहेर आल्या. डॉक्टर ती यादी वाचून सुन्न झाले म्हणे. मावशींनी सांगितलं तेव्हा मला इराचं हसू आठवलं.

एवढं सगळं झालं, पण गच्चीवरच्या त्या दिवसानंतर करिष्मा कामावर परत आली नाही. तिला कोणी काढलं नव्हतं. कुमुदिनीताई दोनदा उल्हासनगरला तिच्या घरी जाऊन आल्या. ती त्यांना चहा करून द्यायची, सगळ्या पेशंटची चौकशी करायची, आणि वॉर्डाचा विषय निघाला की कप उचलून आत जायची. आता ती एका कपड्यांच्या दुकानात हिशेबाला बसते. तीन वेळा लिहिणारी तीच एकटी होती. जिने सगळ्यांआधी खरं सांगितलं तीही तीच. चूक झाली तेव्हा तिच्याजवळ कोणी बसलं असतं, तिच्यापुढे कागद सरकवण्याऐवजी, तर ती आज वॉर्डात चादरी ताठ करत असती.

आणि माझं काय झालं? मिस्त्री आला होता. त्याने नवा खटकाही आणला होता. मला वाटलं, आता मी पुन्हा खिडकीजवळ जाईन, पुन्हा कोणाची तरी पाठ माझ्यावर सैल होईल. कुमुदिनीताईंनी त्याला थांबवलं. त्या म्हणाल्या, हिला अशीच राहू द्या. त्यांनी मला तळमजल्यावरच्या एका खोलीत आणलं.

तेव्हापासून दर महिन्याला नव्याने कामाला लागलेल्या मुली त्या खोलीत येतात. कुमुदिनीताई आता निवृत्त झाल्या आहेत, तरी त्या दिवशी हमखास येतात. त्या मुलींना विचारतात, कठडा लागलाय का? मुली बघतात आणि म्हणतात, हो, लागलाय. मग त्या एकीला पुढे बोलावून त्यावर हात टेकवायला सांगतात. कठडा धाडकन खाली जातो. मुली दचकून मागे सरकतात. मित्रांनो, माझ्या मनात तेव्हा काय होतं ते कसं सांगू? त्यांना शिकवण्यासाठी मला दर महिन्याला बाबांना पुन्हा एकदा पाडावं लागतं.

परवाच्या वेळी राजसी नावाची एक मुलगी होती. कठडा पडल्यावर ती इतरांसारखी मागे सरकली नाही. तिने विचारलं, “मॅडम, इथून पडले त्यांचं नाव काय होतं?”

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. कुमुदिनीताईंनी बाबांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांना भुईवर झोपायची सवय होती हे सांगितलं. राजसीने खिशातल्या छोट्या वहीत ते सगळं लिहून घेतलं. मग ती खाली वाकली आणि तिने माझा पडलेला कठडा दोन्ही हातांनी, अगदी हळू, वर उचलून धरला. तास संपेपर्यंत ती तो तसाच धरून उभी होती.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी आजोबांना, आजीला, आईला भेटायला दवाखान्यात जाल. तेव्हा लहान आहोत म्हणून गप्प बसू नका. काही चुकतंय असं वाटलं तर सांगा, आणि ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. तिथली माणसं वाईट नसतात, ती दमलेली असतात. त्यांना तुमच्या डोळ्यांची मदत हवी असते. आणि त्यांच्यापैकी कोणी येऊन म्हणालं, माझ्याकडून चूक झाली, तर त्याला एकटं सोडू नका.

मी लोखंडाची आहे, मला रडता येत नाही. पण दुपारी पावणेतीन वाजता, वॉर्डात सगळं शांत असतं तेव्हा, माझ्या डाव्या बाजूला अजून एका म्हाताऱ्या हाताची पकड जाणवते. तो हात माझ्यावर विश्वास ठेवून वळत असतो, आणि त्याला थांब म्हणायला माझ्याजवळ आवाज नसतो. तुमच्याजवळ आहे.